हिमनदीकाठची बेगमी

परमुलखात गेल्यावर तेथील देवळे, किल्ले आणि डोंगर पाहून त्या मुलखाची ओळख पटली असे मानण्याचा प्रघात असला, तरी माझ्या मते त्या ओळखीवर शिक्कामोर्तब होते ते स्वयंपाकघरात; कारण डोंगर पाहुण्याला आणि रहिवाशाला सारखाच दिसतो, पण ताटात काय पडावे हे तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निसर्गाशी केलेल्या तहावर अवलंबून असते. रत्नागिरीसारख्या समुद्राला टेकलेल्या गावी ज्याचे आयुष्य गेले, तो दहा-अकरा हजार फुटांवर, हिमनद्यांच्या पाण्यावर जगणाऱ्या लडाखात पाहुणा म्हणून बसला, म्हणजे त्या तहाची कलमे त्याला अधिकच ठसठशीत दिसू लागतात.

लेहच्या पश्चिमेस सिंधूच्या काठाने शाम नावाचा जो जर्दाळूंचा प्रदेश आहे, तेथील एका घरी आमचा मुक्काम होता. घरच्या वृद्ध गृहिणीला सारे ‘आमा-ले’ म्हणत. उभ्या लाकडी नळकांड्यात उकळता चहा, मीठ आणि लोणी घालून त्या तो दांड्याने घुसळीत, आणि आपण दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला की तेथील दस्तुराप्रमाणे तो पुन्हा काठोकाठ भरीत. चहाच्या अपेक्षेने हा गुरगुर चहा तोंडाला लावणाराची निराशा ठरलेली. पण दुखण्यातून उठलेल्या माणसाला तूपमीठ घालून जी पेज देतात, तिच्यासारखा तो सावकाश घेतला, तर त्या कोरड्या थंडीत त्याचे मोल कळते. त्यातच भाजलेल्या सातूचे पीठ कालवून, बोटांनी मळून त्याचा गोळा खावयाचा. ताकापासून केलेले छुर्पेचे टणक खडे थुक्पा या तिकडच्या सूपात शिजून मऊ होत. सातूचीच आंबवलेली किंचित आंबट छांग आग्रहाने पुढे येई. आणि वाळलेले जर्दाळू खाऊन झाले तरी त्यांच्या बिया कोणी फेकीत नसे, कारण त्यांच्या गराचे तेल काढावयाचे असे.

या साऱ्या जिनसांत टिकाऊपणा हा एक समान गुण होता, आणि त्याचे कारण त्या घरची कोठी पाहताच उलगडले. हिवाळ्यात झोजी ला ही खिंड बर्फाखाली जाऊन श्रीनगरची वाट बंद पडे, तेव्हा घरात असेल त्यावरच वसंतापर्यंत निभवावे लागे. कोकणच्या माणसाला हे नवे वाटू नये. पावसाळ्यात आमची बंदरे बंद होत, मुंबईच्या आगबोटी थांबत, आणि आजही जून-जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. म्हणून मे महिन्यातच सोडे, सुके बोंबील, आमसुले, फणसपोळी, सांडगे, कुळीथ अशी आगोटीची भरती करून आमच्या आज्या निश्चिंत होत. तेथे बर्फ आणि येथे पाऊस, इतकाच काय तो भेद.

परंतु लडाखी माणसाने बेगमीच्या यादीत एक जिन्नस असा घातला आहे, जो आमच्या यादीत कधी चढलाच नाही. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरांच्या आसपास पर्जन्य. पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि उंचावरच्या हिमनद्या नेटाने वितळू लागतात त्या जूनच्या सुमारास. हिवाळ्यात ओढ्यातून वाहून जाणारे पाणी मात्र कोणाच्याच कामी येत नाही. चेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्याने 1987 च्या सुमारास हे पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारांवर वळवून, संथ पसरवून गोठविण्याची युक्ती अमलात आणली. हे बर्फ कमी उंचीवर असल्यामुळे आधी वितळते आणि पेरणीला उपयोगी पडते. पुढे सोनम वांगचुक यांनी उंचावरून नळीने आणलेले पाणी स्वतःच्याच दाबाने कारंज्यासारखे उडवून त्याचे शंकूच्या आकाराचे हिमस्तूप उभारले. शंकूचा उन्हाला सामोरा येणारा पृष्ठभाग थोडा, म्हणून तो सावकाश विरघळतो.

आणि रत्नागिरीत? तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, जांभ्याच्या सच्छिद्र दगडातून झिरपून आणि उतारांवरून धावून समुद्राला मिळतो, आणि मे महिन्यात वाड्यावाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मोकळ्या गोण्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे काही ओढ्यांवर दिसतात, नाही असे नाही. पण त्यांना आगोटीची सक्ती अजून लाभलेली नाही. सांडगे घालावयाचे राहिले तर घरात बोलणी बसत. बंधारा घालावयाचा राहिला तर कोणी कोणाला जाब विचारीत नाही.

प्रवाशाने परक्या घरची चव घ्यावी आणि जमल्यास त्या कोठीचा जमाखर्च आपल्या कोठीशी ताडूनही पाहावा. आमा-लेंच्या घरी बसून मी तो ताळा घेतला, तेव्हा आमच्या खात्यावर आमसुलांपासून सोड्यांपर्यंत सर्व काही जमेस निघाले. आणि ज्यावाचून यांतले काहीच शिजत नाही, ते पाणी तेवढे दरसाल पुरतेपणी खर्ची पडलेले आढळले.