कुऱ्हाडबंदीच्या गावात करवत

आमच्या घराच्या माळ्यावर दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कुऱ्हाड आहे. दांडा बाभळीचा, हाताच्या घामानं काळा पडलेला. दसऱ्याला ती खाली येते, हळदकुंकू होतं, पात्यावर तेलाचं बोट फिरतं आणि ती पुन्हा माळ्यावर जाते. आमच्या हिवरे बाजार गावात कुऱ्हाडबंदी झाल्यापासून तिला एवढंच काम. आणि त्याच घराच्या पडवीत मी करवत आणून बसवली.

करवतीची ओढ शाळेतली. कार्यानुभवाच्या तासाला गुरुजींनी धनुष्यासारखी वाकलेली फ्रेटची करवत हातात दिली. पातं केसासारखं बारीक. प्लायवर कार्बन ठेवून उमटवलेला मोर मी दोन तास कापत होतो. पाच पाती तुटली, मोराची मानही तुटली. पण कुऱ्हाड घाव घालते आणि हे पातं वाट काढतं, हा फरक त्या दिवशी बोटांना कळला. पुढे आयटीआय केलं, नगरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो. लोखंडाशी संसार झाला तरी बोटं लाकूडच मागत राहिली. चाळिशीच्या तोंडावर बोनसच्या पैशातून विजेवरची स्क्रोल सॉ घेतली.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिलाई मशिनची सुई कापडात वरखाली होते, तसं इथं यंत्राच्या दोन हातांमध्ये ताणलेलं पाच इंची पातं मिनिटाला ४०० ते १,६०० वेळा वरखाली होतं. पातं जागेवरच असतं, लाकूड आपण फिरवायचं. जाळी कापायची तर आधी भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताणायचं आणि आतला तुकडा कापून काढायचा. शंभर खिडक्यांच्या जाळीसाठी शंभर वेळा पातं ओवावं लागतं. मला ते ओवणं फार आवडतं.

यंत्र घरी आलं त्या संध्याकाळी दादा पडवीत आले. यंत्राकडे पाहिलंही नाही. बाजूला पडलेली फळी उचलून त्यांनी विचारलं, "हे कुठनं आणलंस?"

त्या प्रश्नामागे त्यांचं सगळं आयुष्य होतं. १९७२च्या दुष्काळात ते खडी फोडायला होते. त्यानंतरच्या वर्षांत विहिरी आटल्या, माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेली आणि मागे राहिलेल्यांनी डोंगर तोडून चूल पेटवली. दादा मोळ्या विकायचे. माझी पहिली पाटी मोळीच्या पैशांची. नव्वदच्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं स्वतःवर बंधनं घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि जोडीला श्रमदान. वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं हे गाव. चर खणले, बंधारे घातले, झाडं लावली आणि राखली. बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही, ऊस लावायचा नाही आणि दरवर्षी पाऊस मोजून त्याचा ताळेबंद मांडायचा, हेही ठरलं. ज्या हातांनी डोंगर उघडा केला त्याच हातांनी दादांनी चर खणले. आज डोंगर हिरवा आहे, तरी घरात लाकूड दिसलं की त्यांचा प्रश्न येतोच. तो यावा, असं मलाही वाटतं. म्हणून फळी कुठून आली ते मी तिच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवतो: कंपनीत आलेल्या सुट्या भागांची खोकी, पाडलेल्या घराची तुळई, मोडका पाळणा.

यंत्र मात्र आलं तसं चालेना. सुरू केलं की अख्खं टेबल थरथरायचं आणि रेघ भरकटायची. आईनं शिवण सोडून काही वर्षं झाली होती. तिच्या मशिनचा ओतीव लोखंडी सांगाडा कोपऱ्यात उभा होता. त्यावर जाड फळी ठोकली, मध्ये टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि यंत्र बोल्टनं आवळलं. थरथर बरीच विरली. खालच्या पायट्याला चालू-बंदचं बटण जोडलं, म्हणजे दोन्ही हात लाकडावर राहिले. आई म्हणाली, "माझ्या मशिनला परत काम लागलं की." विजेच्या आधी अशा करवती पायानंच चालायच्या, हे मला फार पुढे वाचायला मिळालं.

दुसरी अडचण पात्याची. यंत्राला आडव्या खिळीची पाती लागायची आणि ती खिळी आत जायला भोकही मोठं लागायचं. जाळीच्या नाजूक कोपऱ्यात एवढं भोक म्हणजे नक्षीचा डोळाच फुटला. कंपनीतल्या मित्राच्या मदतीनं पितळेचे दोन छोटे चिमटे बनवले. आता बिनखिळीचं पातं बसतं आणि मिलिमीटरभराचं भोक पुरतं. भुसा रेघेवर साचू नये म्हणून माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावला.

मग पात्याचा स्वभाव शिकलो. दाते पाडताना पात्याच्या एका अंगाला बारीक खरखर राहते, त्यामुळे ते लाकूड एका बाजूला ओढतं. सरळ रेघ हवी तर फळी किंचित तिरकी धरायची. ताण बरोबर आहे का, ते बोटानं छेडून कळतं. तारेसारखा स्वच्छ आवाज आला की झालं. बद्द आवाज आला की पातं वाकणार.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली. त्या गणपतीत मी खोक्यांच्या प्लायचं मखर कापलं. महिरप, दोन खांब, मागे जाळी. गणपती गेले की सुटं करून ठेवता येतं आणि दरवर्षी तेच उभं राहतं. आता भाऊबंदांच्या घरांतही माझी मखरं आहेत.

पण माझा जीव अडकला आहे तो तुकडे जुळवायच्या एका कोड्यात. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी यानं नकाशा लाकडावर चिकटवून देशादेशांचे तुकडे कापले, मुलांना भूगोल शिकवायला. तसंच मी नातीसाठी आमचं गाव कापलं. डोंगर, ओढा, बंधारे, शाळा, आमची वस्ती. चौकट प्लायची आणि तुकडे जुन्या दाराच्या कडुलिंबाचे. त्याच दारातून दादा पहाटे कुऱ्हाड घेऊन निघायचे. पाठीवर लिहिलेलं त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि बराच वेळ फळीवरून हात फिरवत राहिले.

उन्हाळ्यात ते तुकडे सैल खुळखुळतात. मागच्या श्रावणात झड लागली होती. नात कोडं मांडून बसली आणि डोंगराचा तुकडा काही केल्या बसेना. मी कड घासायला काचकागद आणला. दादांनी तुकडा माझ्या हातातून काढून घेतला, नाकाशी नेला आणि नातीच्या ओंजळीत ठेवला.

"घासू नको रे. ओल धरलीय त्यानं. उघडीप झाली की बसंल."