पंचाचा निकाल आणि आपली गवाही

कुस्ती हरलेला पैलवान अंगावरची माती झटकून घरी जातो. पण निकाल वादाचा असला की ती कुस्ती चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे चालू राहते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची जी लढत झाली, ती अशीच अजून सुटलेली नाही. आमच्या करमाळ्यात दोन माणसे कुस्तीवर बोलत बसली की तिसरा येऊन विचारतोच, "ते चार गुण बरोबर होते का हो?"

प्रश्न साधा आहे, पण आपल्या घरांत तो साधेपणाने विचारला जात नाही. त्याच्या मागे दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो. त्या दुसऱ्या प्रश्नावरच आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत.

आधी दोघे पैलवान कोण, ते पाहू. सिकंदर मोहोळचा. वडिलांनी हमाली करून त्याला वाढवले, आणि पुढे कोल्हापूरच्या गंगावेश तालमीच्या मातीत तो तयार झाला. महेंद्र मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा. म्हणजे दोघेही आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे. करमाळ्याहून निघालो की माढा ओलांडला की मोहोळ, आणि पंढरपूरच्या पलीकडे मंगळवेढा. त्या दिवशी कोणीही जिंकला असता तरी जिल्ह्याने फेटा उडवायला हवा होता. शिवाय या जिल्ह्याला शेख आडनावाच्या पैलवानाचे अप्रूप नाही. दक्षिण सोलापूरमधल्या बोरामणीच्या एकाच घरातल्या तीन सख्ख्या भावांनी ही गदा जिंकली आहे. इस्माईल शेख १९८० मध्ये, आप्पालाल शेख १९९२ मध्ये आणि मुन्नालाल शेख २००२ मध्ये. आमच्या वडिलांच्या पिढीला ही तिन्ही नावे तोंडपाठ होती, आणि गावोगावच्या फडांत त्यांच्यासाठी शिट्टी मारणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसे असत.

आता त्या लढतीकडे येऊ. महेंद्रने बाहेरची टांग लावली आणि सिकंदर खाली गेला. पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. त्या चार गुणांनी लढतीचे पारडे फिरले, महेंद्र अंतिम फेरीत गेला आणि १४ जानेवारीला शिवराज राक्षेने त्याला हरवून गदा घेतली. वाद आहे तो त्या चार गुणांचा.

टांग लागली, यात कोणाचेच दुमत नाही. प्रश्न आहे तो सिकंदर पडला कसा, याचा. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण. पण फेकताना तो थेट धोक्याच्या स्थितीत गेला, म्हणजे त्याची पाठ जमिनीच्या दिशेने वळली आणि पाठ व जमीन यांतला कोन काटकोनापेक्षा कमी झाला, तर चार गुण. तोच मल्ल कुशीवर किंवा पोटावर पडला आणि पाठ वळलीच नाही, तर दोनच. सिकंदरच्या बाजूचे म्हणत होते की तो कुशीवर पडला, दोनच गुण व्हायला हवे होते. पंचमंडळाचे म्हणणे होते की निर्णय नियमाला धरूनच आहे. डोळ्याची पापणी लवते न लवते एवढ्या वेळात हे सारे घडते. कॅमेरा डाव्या बाजूला असेल तर एक दिसते, उजव्या बाजूला असेल तर दुसरे.

या बारकाव्यावर बोलणारी माणसे थोडी होती. बहुतेकांनी मोबाइलवर आलेली काही सेकंदांची चित्रफीत पाहिली आणि पुढे पाठवली. पंचाला धमकीचा फोन गेला, तक्रार कोथरूड पोलिसांपर्यंत पोहोचली. आणि आपल्या मोहल्ल्यांत ते दबक्या आवाजातले वाक्य फिरू लागले: "नाव शेख होतं म्हणून झालं."

हे वाक्य का येते, ते आम्हाला कळते. घर भाड्याने मागताना, नोकरीच्या अर्जावर नाव लिहिताना, ज्यांनी समोरच्याच्या चेहऱ्यातला बदल पाहिला आहे, त्यांना आखाड्यातही तोच बदल दिसला तर नवल नाही. म्हणून या शंकेची आम्ही थट्टा करणार नाही. पण शंका आणि गवाही यांत फरक आहे. शंका मनात येते, तिच्यावर आपला ताबा नसतो. गवाही आपण तोंडाने देतो, तिचा जाब द्यावा लागतो. "दोन गुण हवे होते, चार दिले" ही गवाही आहे. ती चित्रफितीवर तपासता येते, नियमावर घासून पाहता येते. "नाव पाहून दिले" ही पंचाच्या मनाबद्दलची गवाही आहे, आणि त्याचे मन आपल्यापैकी कोणी उघडून पाहिलेले नाही.

आपल्या दीनने या बाबतीत आपल्याला मोकळे सोडलेले नाही. सूरह निसामध्ये खरी गवाही स्वतःच्या किंवा आईबापाच्या विरोधात जात असली तरी देण्याचा हुकूम आहे. सूरह माइदामध्ये ताकीद आहे की, कोणाशी वैर असले तरी त्यापायी इन्साफ सुटता कामा नये. काजी शुरैह यांच्यासमोर हजरत अली यांच्या चिलखताचा दावा आल्याची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. चिलखत आपले आहे असे खुद्द खलीफा सांगत होते, पण ग्राह्य साक्षीदार नव्हता. काजींनी निकाल त्यांच्या विरोधात दिला आणि त्यांनी तो मानला. त्या हकीकतीत दोन माणसे मोठी आहेत. एक, समोर कोण उभा आहे हे न पाहता पुरावा मागणारा, आणि दुसरा, निकाल आपल्या विरोधात गेला तरी त्याचा मान ठेवणारा. आखाड्यात आपल्याला दोन्ही माणसे हवी आहेत. पंचाकडून पहिल्याची अपेक्षा करायची आणि दुसरे व्हायची वेळ आली की पाठ फिरवायची, हे जमणार नाही.

आमच्या वडिलांच्या काळी उरुसाच्या किंवा जत्रेच्या फडात गुण नव्हते. हलगी वाजायची, जोड लागायची, आणि एकाची पाठ मातीला टेकली की निकाल. पाठीला लागलेली लाल माती हीच गवाह. तेव्हाही भांडणे व्हायची, पाठ पुरती लागली की नाही यावरून दोन गावे समोरासमोर यायची. पण प्रश्न एकच असायचा आणि तो सगळ्या फडाला समजायचा. आता कुस्ती गुणांवर गेली. पंच, न्यायाधीश आणि आखाडाप्रमुख असे तिघे मिळून निर्णय करतात. गुण मान्य नसेल तर पैलवानाचा प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो. मग चित्रफीत पाहिली जाते, आणि आव्हान फेटाळले गेले तर उलट समोरच्याला एक गुण मिळतो. व्यवस्था चांगली आहे, पण ती कळते फक्त आतल्यांना. बाहेर बसलेल्या हजारोंना पंचाचा हात वर गेलेला दिसतो, त्याची चार बोटे दिसतात, का ते कळत नाही. आणि जिथे कारण सांगितले जात नाही, तिथे प्रत्येक जण आपल्या मनातले कारण भरतो.

सिकंदरने मात्र उत्तर आखाड्यातच दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत त्याच्यासमोर जानेवारीतला विजेता शिवराज राक्षेच होता. सिकंदरने त्याला काही सेकंदांत चीत केले. तिथे कोन मोजायची गरजच पडली नाही. त्या रात्री करमाळ्यात फटाके वाजले, आणि ते वाजवणारी पोरे केवळ आपल्या मोहल्ल्यातली नव्हती, हेही इथे नोंदवले पाहिजे.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला जे झाले, त्याने हा सगळा विषय पुन्हा उघडला. नगर-टेंभुर्णी रस्त्यावरच आमचे गाव, त्यामुळे इथल्या बऱ्याच लोकांनी ती कुस्ती समोर बसून पाहिली. गादी विभागात पंचांनी पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल दिला. शिवराजचे म्हणणे होते की आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. नंतर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड एका गुणावरून चिडून शेवटच्या क्षणांत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

जरा विचार करा. २०२३ मध्ये ज्या महेंद्रला चार गुण मिळाले, तोच दोन वर्षांनी पंचांवर अन्यायाचा आरोप करत होता. २०२३ मध्ये ज्या शिवराजच्या खांद्यावर गदा आली, त्याचाच संयम सुटला. राक्षे, मोहोळ, गायकवाड, यांत शेख कोणी नव्हता. तरीही तीच तक्रार, तोच राग, तीच मोबाइलवरची चित्रफीत. मग २०२३ च्या निकालामागे नावच होते, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि नावाचा प्रश्न काढून टाकला तरी निकाल बरोबर होता, असेही यातून ठरत नाही. यातून एवढेच दिसते की ज्या व्यवस्थेत कारण सांगितले जात नाही, ती आज एकाला दुखावते, उद्या दुसऱ्याला.

लाथ मारणे मात्र कोणत्याही अन्यायाचे उत्तर नाही. त्या लाथेमुळे खांदे टेकले होते की नाही हा प्रश्न बाजूला पडला आणि सारी चर्चा लाथेची झाली. सिकंदरच्या वेळी पंचाला गेलेल्या धमकीनेही हेच केले. ज्याच्यासाठी ती धमकी दिली, त्याचेच म्हणणे तिने हलके केले.

वादाचा निकाल लागला की दुसऱ्या खेळांत काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या बेसबॉल या खेळात धावणारा खेळाडू जमिनीवरून घसरत पुढच्या तळापर्यंत पोहोचतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघातला चेस अटली असाच घसरला, पण तळाकडे कमी आणि न्यूयॉर्कच्या रूबेन तेहादाकडे जास्त. तेहादाचा पाय मोडला. पंचांनी चित्रफीत पाहून अटलीला बाद न ठरवता उलट सुरक्षित ठरवले, कारण तेहादाचा पाय तळाला लागलेलाच नव्हता. नियमाच्या अक्षराने ते बरोबर असेलही, पण पाहणाऱ्यांना ते पटले नाही. अटलीवर दोन सामन्यांची बंदी घातली गेली आणि पुढे मागेही घेतली गेली. मात्र २०१६ च्या हंगामापासून तिथे नियमच बदलला. घसरणाऱ्याने खरोखर तळाकडेच गेले पाहिजे, समोरच्याला पाडण्यासाठी वाट सोडता कामा नये, असे लिहून ठेवले. एका मोडलेल्या पायातून नियम सुधारला. आपल्याकडे वादातून बंदी निघते, चौकशी निघते, पण नियम सांगण्याची रीत तशीच राहते.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. वादाचा गुण असेल तर मैदानातल्या मोठ्या पडद्यावर तीच चित्रफीत सगळ्यांना दाखवावी. पंचांनी ध्वनिक्षेपकावरून एका वाक्यात कारण सांगावे: पाठ वळली म्हणून चार, न वळली म्हणून दोन. चितपटचा निर्णय तर कुस्तीच संपवतो, तेव्हा तो जाहीर करण्याआधी तिन्ही पंचांनी एकमेकांशी बोललेले लोकांना दिसावे. आणि पैलवानांच्या तालमीशी किंवा जिल्ह्याशी नाते असलेला पंच त्या लढतीला नसावा. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

एक मागणे मात्र आपल्याच घरांकडे आहे. आमच्या भावाचा मुलगा शाळेच्या कुस्तीत उतरतो. मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेत तो एका गुणाने हरला. घरी आल्यावर नातेवाइकांपैकी एकाने लगेच निकाल देऊन टाकला, "आपलं पोरगं बघून दिला असेल." पोरगा पाणी पीत होता. तो म्हणाला, "नाही चाचा, माझा पाय रिंगणाबाहेर गेला होता. मला कळलं होतं." त्याची फुफी तिथेच भाकऱ्या थापत बसली होती. ती म्हणाली, "त्याला हरल्याचं कारण ठाऊक आहे, तर ते त्याच्याकडून हिसकावून घेऊ नका."

ती म्हणाली ते आम्ही तेव्हापासून मनात धरले आहे. हरल्याचे कारण पोराला कळले तर तो उद्या ते दुरुस्त करील. नावच कारण आहे असे आपण त्याला शिकवले, तर तो काय दुरुस्त करणार? नाव तर बदलायचे नाही. उद्या खरोखर कोणी नाव पाहून अन्याय केला, तर तेव्हा उभे राहायला हवे, लेखी तक्रार द्यायला हवी, चित्रफीत जपून ठेवायला हवी. त्या दिवशी आपल्या शब्दाला वजन हवे असेल, तर आज तो उगाच खर्च करून चालणार नाही.

कोथरूडच्या त्या चार गुणांबद्दल आमच्या घरात अजूनही एकमत नाही. भाऊ म्हणतो दोनच, आम्ही म्हणतो कोन कॅमेऱ्यावर नीट दिसत नाही. दोघेही चित्रफीत थांबवून थांबवून पाहतो आणि सिकंदरच्या पाठीकडे बोट दाखवतो. पुतण्या शेजारी बसून ऐकतो आणि मध्येच विचारतो, "पण पाठ किती वळली की चार?" तेव्हा आम्ही नियमाचे पुस्तक काढतो. तुमच्याही घरात कोणी तालमीत जात असेल, तर ते पुस्तक एकदा त्याच्यासोबत बसून वाचा.