आठ टोकांचा तारा

हिंगणघाटसारख्या गावात शाळेच्या संगणक खोलीत यंत्रे मोजकीच असतात. एका यंत्रावर तीन-तीन मुले बसतात आणि आठवड्यातून एकच तासिका हाती येते. त्यामुळे आकृत्या काढत गणित शिकवायचे तर कोणता प्रोग्राम घ्यावा, याचा आम्हा शिक्षकांना बराच विचार करावा लागला. गणिताची भीती आठवीतच बसली, तर आपली कितीतरी हुशार मुले, विशेषतः मुली, दहावीनंतर विज्ञान शाखेचे नावही घेत नाहीत.

आमच्यापुढे तीन पर्याय होते आणि तिन्ही मोफत होते. पहिला स्क्रॅच, अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेने 2007 मध्ये सर्वांसाठी खुला केलेला. त्यात रंगीत ठोकळे जोडायचे असतात, टाइप करावे लागत नाही. लहान मुलांना तो फार आवडतो, पण मांजर नाचवण्यातच तासिका संपते. दुसरा जिओजेब्रा. त्रिकोणाचे टोक ओढले की कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशच राहते, हे त्यात डोळ्यांना दिसते. पण सुसम अष्टकोन हवा असेल तर दोन बिंदू देऊन 8 लिहिले की काम झाले. कोन किती, हे मुलाला ठरवावेच लागत नाही.

तिसरे पायथनमधले कासव. त्याला 'इतके पुढे जा' आणि 'इतके अंश वळ' एवढेच सांगायचे. ते चालते तिथे रेघ उमटते. ही कल्पना लोगो या भाषेतून आली. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये ती भाषा मुलांसाठी तयार केली होती. पायथनच्या कासवाला इंटरनेट लागत नाही, जुन्या यंत्रावरही ते चालते. अडचण इंग्रजीची होती. उर्दू माध्यमाच्या मुलांचा हात उजवीकडून डावीकडे चालणारा, त्यात इंग्रजी स्पेलिंग! पण 'फॉरवर्ड'साठी एफडी आणि 'राइट'साठी आरटी एवढी अक्षरे पुरतात. म्हणून आठवी-नववीसाठी आम्ही कासव निवडले.

या निवडीचे मोल आठ टोकांच्या ताऱ्यापाशी कळले. मशिदीच्या जाळीत, जानमाजवर तो मुलांनी पाहिलेला असतो. कासव आकृती पुरी करून मूळ दिशेला येते तेव्हा त्याचे एकूण वळण 360 च्या पटीत असते, हे वर्गात झाले होते. अष्टकोनाला एक फेरी, म्हणजे दर वळणाला 45 अंश. ताऱ्यासाठी मुलांनी दोन फेऱ्या धरल्या, 720 भागिले 8, म्हणजे 90. कासव निघाले आणि त्याच चौरसावर दोनदा फिरले! मग तीन फेऱ्या धरल्या, 1080 भागिले 8, म्हणजे 135. पेन न उचलता तारा पुरा झाला.

पहिल्यांदा का जमले नाही? एका मुलीने सांगितले, "सर, 8 आणि 2 दोन्हींना 2 ने भाग जातो. 8 आणि 3 यांचा मसावि 1 आहे." पाठ केलेला मसावि तिला असा कामाला आला. जाळीतला तारा बहुधा दोन चौरसांचा असतो. तो काढताना मध्ये पेन उचलून जागा बदलावी लागते, हेही मुलांनीच शोधले.

नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला, हे आपण अभिमानाने सांगतो. अल्गोरिदम म्हणजे काम पायरीपायरीने सांगणे. आमची मुले कासवाला तेच सांगत होती.

अम्मी-अब्बूंना एवढेच सांगणे आहे. मुलांसाठी एखादे ॲप किंवा महागडा कोडिंग क्लास निवडताना एक प्रश्न जरूर विचारा, यात उत्तर यंत्र काढते की मूल? घरी संगणक नसेल तर मुलाला अंगणात चार पावले चालवा, वळवा, पुन्हा चालवा. जिथून निघाले तिथे परत येईपर्यंत ते एकूण किती अंश वळले, हे त्यालाच मोजू द्या.