दोन शीळकरी भाऊ

पावसाळा लागला की खडेबाजारातील कितीतरी कुटुंबे रविवारी आंबोली गाठतात. धबधबा, धुके आणि गरम भजी यांचे वर्णन मग आठवडाभर पुरते. पण त्याच घाटात, पुरते उजाडण्यापूर्वी, कोणी उनाड पोर शीळ घालीत ओढ्याकाठी हिंडत असावे असा भास होतो. तो असतो शीळकरी कस्तूर. दुरून काळा दिसणारा हा पक्षी उन्हाची तिरीप पडली की कपाळावर व खांद्यांवर निळा झळकतो. खेकडे, बेडूक, किडे आणि फळे हा त्याचा आहार; ओढ्याकाठची कपार हे त्याचे घर.

त्याचा एक भाऊबंद श्रीलंकेच्या डोंगरात राहतो. अंगाने लहान, स्वभावाने लाजरा. मादी मात्र तपकिरी. आपल्याकडे नरमादी सारखीच दिसतात. वाहते पाणी आणि गर्द सावली यांची ओढ दोघांनाही आहे. दैव मात्र निराळे! जागतिक लाल यादीत आपला कस्तूर सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे, तर लंकेचा 'संकटग्रस्त' ठरला आहे.

मला यात घरच्या वाटणीची गोष्ट दिसते. एकाच्या वाट्याला लांबच लांब सह्याद्री आला. शिवाय कॉफीच्या सावलीतील मळे आणि माणसांची वस्तीही त्याने आपलीशी केली. दुसऱ्याच्या वाट्याला बेटावरचा मोजका डोंगराळ मुलूख. तेथील रान एकोणिसाव्या शतकात आधी कॉफीसाठी आणि पुढे चहासाठी तुटले. उरलेल्या तुकड्यांत तो तग धरून आहे. गुण दोघांचे सारखेच. आधार तेवढा एकाचा तुटला.

म्हणून 'चिंता नाही' हा शेरा वाचून आपण निर्धास्त होऊ नये. तो शेरा पक्ष्याच्या कर्तबगारीचा जितका, तितकाच त्याच्या पायाखालच्या रानाचा आहे. आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाले, ही समाधानाची गोष्ट. पण ओढे काही अभयारण्याची हद्द पाहून वाहत नाहीत. गावाशेजारच्या ओढ्यावरची झाडे राखली, त्यात कचरा पडू दिला नाही, तर एवढ्यानेही पुष्कळ साधेल. पुढच्या रविवारी मुलांना धबधबा दाखवाल, तेव्हा घटकाभर त्यांना गप्प बसवून ती शीळही ऐकवा. जे कानांनी ओळखले, ते राखावेसे वाटते.