तुळजापूरचा संबळ

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरला आपण शहरवासी जातो ते कुळधर्मासाठी. पायऱ्या उतरायच्या, कल्लोळ तीर्थावर हातपाय धुवायचे, देवीची ओटी भरायची आणि परतीची गाडी गाठायची! या खेपेस मी मात्र संबळाच्या नादाने रेंगाळलो.

गोंधळ्याचे घर हीच त्याची शाळा. पोर बापामागे तुणतुणे धरून उभे राहते, कवने कानांनीच पाठ करते. पण गोंधळ चालतो रात्रभर. जागरण केले तर सकाळची शाळा बुडते. शाळा धरली तर विद्या सुटते.

सरकार कलावंतांना विसरलेले नाही. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासूनची. २०२४ मध्ये ते दरमहा ५००० रुपये झाले. मात्र ते मिळते पन्नाशी गाठल्यावर, आणि संबळावर हात बसायचा तो दहाव्या-बाराव्या वर्षी! म्हाताऱ्या झाडाला आधार हवाच. पण रोपाला पाणी कोणी घालायचे? अवर्षणाच्या या मुलखात हे कोणा शेतकऱ्याला विचारून पाहावे.

घरचे कार्य पार पडले की आपण गोंधळ घालतोच. दक्षिणा देताना तुणतुणे धरून पेंगणाऱ्या त्या पोराच्या वह्या-पुस्तकांचाही विचार करावा.