आठशेची वही

दोनशे पानी एका वहीवर आम्ही ‘आठशे’ एवढेच लिहून ठेवले आहे. २०१६ सालापासून गाडीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया तिच्यात आहे. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाची ही खोड जात नाही. घरची मंडळी हसतात. पण ही वही चाळली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या अकरा महिन्यांत दुरुस्तीला जे पैसे गेले, त्यातले निम्म्याहून अधिक मजुरीचे होते, आणि त्यातली बहुतेक कामे घरच्या अंगणात दोन पान्यांनी होणारी होती.

गाडी हौसेने घेतलेली नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. आईचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, तिला कराडला डायलिसिससाठी न्यावे लागू लागले. उंब्रजहून कराड काही फार लांब नाही. हायवेला उभे राहिले की एस.टी. मिळते. जाताना आई एस.टी.ने गेलीही असती. पण चार तास यंत्राला जोडलेले माणूस उठते तेव्हा त्याचे पाय त्याचे नसतात. रक्तदाब उतरलेला, डोळ्यांपुढे अंधारी. अशा माणसाला स्टँडवर उभे करायचे कसे? रिक्षाचे भाडे महिन्याला आठ खेपा धरून मांडले, आणि पतसंस्थेचे कर्ज काढून साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडून १९९८ सालची मारुती आठशे अडतीस हजारांना घेतली. वस्तीत त्या दिवशी पेढे वाटले. आमच्या ओळीतली ती पहिली चारचाकी.

ही गाडी देशात आली १९८३ च्या डिसेंबरात आणि तिचे उत्पादन थांबले २०१४ च्या जानेवारीत. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सी.सी. हेच इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. म्हणून आठशेचे सुटे भाग अजून कराडला काउंटरवर मिळतात. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग, सीट, टेप हे सगळे नंतर पाहावे. आधी भाग मिळतो का, आणि तो बसवणारा माणूस जवळ आहे का, हे विचारावे.

आम्हांला तो माणूस वस्तीतच सापडला. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेले फिटर. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्याकडे जाण्याचे निमित्त एका गॅरेजने दिले. गाडी चढाला दम तोडू लागली, रेस दिली की खोकायची. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिले न पाहिले तोच, “कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल,” असा निकाल दिला, आणि गाडी तीन दिवस ठेवून घेतली. मधला शुक्रवार आईला रिक्षाने नेले. चौथ्या दिवशी आम्ही नवा कार्बोरेटर न टाकता गाडी तशीच खोकत घरी आणली. तात्यांनी अंगणात पोते अंथरले, वरचे झाकण काढले, जेट सोडवला आणि उन्हाकडे धरून आम्हांला दाखवला. सुईच्या अग्राएवढे भोक, त्यात कचरा. पेट्रोलने धुऊन सायकलच्या पंपाने हवा मारली. “तार घालायची न्हाय त्यात भाऊसाहेब. भोक मोठं झालं की गाडी प्येट्रोल प्याय लागती,” ते म्हणाले. आम्ही पैसे विचारले, तर म्हणाले, “पैसं नकोत. म्होरल्या रविवारी या, पान्याला हात लावा.”

तेव्हापासूनचे रविवार तसे गेले. विहारातली वंदना आटोपली की नऊ ते अकरा गाडी.

पहिला धडा प्लगचा होता. तीन प्लग काढून ओळीने वर्तमानपत्रावर ठेवायचे, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे न विसरता. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण बरोबर. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. चोक ओढलेला राहिला का, एअर फिल्टर तुंबला का, ते पाहायचे. ओले, तेलकट असेल तर इंजिनातले ऑइल वर येते आहे, आणि ते काम अंगणातले नव्हे. डॉक्टर जीभ बघतात तसेच हे. शे-दीडशे रुपयांचा भाग, पण इंजिनाच्या पोटातले सगळे सांगतो. इंजिन गार असतानाच प्लग काढावा आणि बसवताना आधी हातानेच फिरवावा. आटे वाकडे गेले तर हेडचा खर्च येतो.

उन्हाळ्यात गाडी तापते, ही जुन्या गाडीवाल्यांची नेहमीची तक्रार. इथे तात्यांनी आम्हांला विचार करायला शिकवले, ते विस्ताराने सांगतो. काटा कधी वर जातो? हायवेला पळताना, की उभ्या गाडीत? पळताना तापत असेल तर पाणी कमी, जाळी तुंबलेली किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. पळताना ठीक आणि फाटकापाशी उभी राहिली की तापत असेल, तर संशय पंख्यावर. कारण पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. आठशेचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापले की एक छोटा स्विच त्याला चालू करतो. त्या स्विचची पिन काढून तारेच्या तुकड्याने दोन्ही टोके जोडायची, किल्ली फिरवायची. पंखा फिरला तर मोटर चांगली, स्विच गेलेला. नाही फिरला तर फ्यूज बघायचा, मग वायर, मग मोटर. हात मात्र पंख्यापासून दूर. चार पायऱ्यांचे हे तपासणे आम्हांला आमच्या ऑफिसातल्या ताळेबंदासारखे वाटले. फरक कुठे आहे ते रकाना रकाना बंद करीत शोधायचे. आमच्या गाडीत स्विचच गेला होता. तो बदलला. गॅरेजमध्ये हीच तक्रार सांगितली असती तर बहुधा रेडिएटरपासून सुरुवात झाली असती.

रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे लहान पोरालाही शिकवावे. आतले पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच वाफेसकट अंगावर येते. आणि नुसते विहिरीचे पाणी घालू नये. आमच्याकडचे पाणी जड, जाळीत क्षार बसतो. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे निम्मे. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची ट्रकवाल्यांची युक्ती आम्ही ऐकून आहोत. रात्री घाटात अडकलेल्याने करावी. घरी आल्यावर मात्र ती हळद जाळीही बंद करते, हे ध्यानात ठेवावे.

अशा युक्त्यांवरून मामांची आठवण होते. मामा मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी फियाट मामांना हप्त्याने दिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती गाडी, पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या जयंतीला मामा ती घेऊन गावी यायला निघाले आणि भर दुपारी खंबाटकी घाटात गाडी गप्प झाली. मामांनी घाबरून न जाता मामीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवला, पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या त्या छोट्या पंपावर, गुंडाळला आणि सगळ्यांना भाकरी खायला बसवले. भाकरी संपेपर्यंत गाडी सुरू. आम्हांला तेव्हा ती जादू वाटली. कारण साधे आहे. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली, ती बातमी मामांनी आम्हांला फोनवर वाचून दाखवली.

आता एक नवी डोकेदुखी. २०२५ पासून पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी बनवल्या आहेत. १९९८ च्या गाडीने ते नाव ऐकलेले नव्हते. जुन्या गाडीचे काही रबरी भाग व गॅस्केट पुढेमागे बदलावे लागतील, हे सरकारनेही म्हटले आहे. गंमत अशी की या इथेनॉलचा काही भाग उसाचा. आमच्या भावकीतली माणसे ज्या फडात तोडीला जातात, तोच ऊस हिंडून फिरून आमच्या गाडीची पाइप खातो! तेव्हा दर महिन्याला पेट्रोलची रबरी पाइप दोन बोटांत दाबून पाहावी. चिकट, फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली की त्याच दिवशी बदलावी. साधी पाण्याची नळी लावू नये. पेट्रोलची गळती ही काटकसर करण्याची जागा नव्हे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, म्हणून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवणाराने तेवढ्यात टाकीतले पेट्रोल वापरून टाकावे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरते ती गरम पाणी व खायच्या सोड्याने धुवावी, वर व्हॅसलीन लावावे. सोडवताना आधी वजा टोक, जोडताना शेवटी वजा. पावसाळ्यापूर्वी दरवाज्यांच्या खालच्या कडेची भोके काडीने मोकळी करावीत, नाहीतर पाणी आत साठून पत्रा आतून सडतो. ब्रेकला मात्र आम्ही हात लावत नाही. ऑइलची पातळी पाहतो, एवढेच. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचे नाही, हा तात्यांचा कायदा. त्यांच्या वर्कशॉपच्या दिवसांतली एक हकीकत ते सांगायला सुरुवात करतात आणि मध्येच थांबतात.

आमची मुलगी अकरावीत असताना चाक बदलायला शिकली. शेजारच्या काकी म्हणाल्या, “पोरीच्या जातीला हे कशाला?” सौ.ने परस्पर उत्तर दिले, “रात्री रस्त्यात टायर बसला तर तो पोरगी बघून बसत नाही.” नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक, घट्ट करताना समोरासमोरचे. चारच नट आहेत, पण क्रम चुकला तर चाक वाकडे बसते.

उंब्रजपासून मसूर स्टेशन जवळच आहे. त्या रस्त्याने गाडी नेताना आम्हांला दर वेळी १९०१ साल आठवते. लहानगे बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटायला याच स्टेशनवर उतरले होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. वाचकांना हे ठाऊक आहे. त्या मानाने चाळीसगावची १९२९ सालची हकीकत कमी सांगितली जाते. तिथे टांगेवाल्याने बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. आपल्याच माणसांपैकी एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. दुसऱ्याने नाकारलेले काम आपण अंगावर घेतले, पण ते शिकायला कोणी मिळू दिले नव्हते. तात्यांच्या पोत्यावर बसलेल्या पोरांना आम्ही मसूरपेक्षा ही चाळीसगावची गोष्ट जास्त सांगतो.

आई २०१९ च्या हिवाळ्यात गेली. पान्याला हात लावल्यापासून तिची एकही खेप गाडीमुळे चुकली नाही. वहीत प्रत्येक मंगळवार-शुक्रवारपुढे खूण आहे. ती मागच्या सीटवर आडवी होऊन इंजिनाचा आवाज ऐकायची आणि कधी कधी म्हणायची, “आज तुझी गाडी खोकत न्हाय बरं का.”

गाडी ठेवायची की काढायची हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तिचे शुल्क सहाशे रुपये होते, ते २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाले. आम्ही २०२३ मध्ये भरले. वीस वर्षांवरील मोटारीला २०२५ च्या नव्या नियमाने ते दहा हजार झाले आहे. हरित कर वेगळा. आमची पुढची पाळी २०२८ ची. जुन्या गाड्यांचा धूर जास्त, हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. दर सहा महिन्यांनी पी.यू.सी. करतो, काजळी दिसली की प्लग उघडतो. पण ज्याला नवी गाडी परवडत नाही त्याच्यासाठी दहा हजार ही एका महिन्याच्या घरखर्चाची बाब आहे. आमचा हिशेब असा: अंगणातल्या कामाने वर्षाला जी मजुरी वाचते, ती पाच वर्षांत या शुल्काच्या वर जाते. पत्रा टिकला तर गाडी ठेवू. पत्रा सडला तर भंगारात देऊ, त्यात रडण्यासारखे काही नाही.

सध्या ती वस्तीतल्या दुसऱ्या दोन घरांच्या उपयोगी पडते. एकीला बाळंतपणाच्या तपासणीला, एकाला डोळ्याच्या दवाखान्यात. रविवारी तात्यांच्या पोत्यावर पाच पोरे असतात. त्यातल्या एकाने कराडच्या आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला अर्ज केला आहे. दुसऱ्याने दहा नंबरचा रिंग पाना नेला आहे, तो अजून आलेला नाही. येत्या रविवारी क्लच केबल बदलायची आहे, तेव्हा त्याने तो आणावा.