टाकी किती अंशांवर?

सौरउष्णतेबद्दल सोप्या भाषेत लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात वसईतल्या वालीवचा एक गाळा घोळत होता. पावडर कोटिंगचं काम. रंग बसण्याआधी लोखंडी माल ज्या टाक्यांमध्ये बुडवून धुतात, त्यांतल्या दोन गरम ठेवाव्या लागतात. मालकांनी त्यासाठी छतावर पाणी तापवणारी सौर पॅनेल बसवली. वीजबिल निम्म्यावर येईल असा विक्रेत्याचा शब्द होता. बिल जेमतेम हललं. "पॅनेल बोगस निघाली, साहेब," मालकांचा फोन आला.

पॅनेल बोगस नव्हती. माहितीपत्रकातली 75 टक्के कार्यक्षमताही खोटी नव्हती. पण तो आकडा पॅनेलमधलं पाणी बाहेरच्या हवेइतकंच गरम असतानाचा असतो. पाणी हवेपेक्षा तापलं की पॅनेल कमावलेली उष्णता गमवायला लागतं. साध्या सपाट पॅनेलमधून चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला साधारण 4 वॅट निसटतात. ऊन चौरस मीटरला 800 वॅट, हवा 30 अंश, पाणी 60 अंश धरा: 120 वॅट गेले, हाती 60 टक्के. तेच पाणी 90 अंशांवर मागा, 45 टक्के उरतात. वीस वर्षं मी ही उतरती रेघ कागदावर काढून दाखवतोय. समोरचा मान हलवतो आणि विचारतो, "पण पॅनेल किती टक्क्यांचं?"

ही गळती कमी करता येते. 1955 मध्ये इस्रायलच्या हॅरी टेबर यांनी ऊन शोषणारा, पण स्वतःची उष्णता किरणांवाटे फारशी न सोडणारा पृष्ठभाग मांडला. काळ्या क्रोमचा मुलामा त्याच जातीचा. निर्वात काचनळ्यांमध्ये तर गळती आणखी घटते. हे शास्त्र सुंदर आहे, त्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

मग मालक हटकून म्हणतात, "शिर्डीसारख्या तबकड्याच लावू या." शिर्डीच्या प्रसादालयावर 2009 पासून आरशांच्या 73 तबकड्या आहेत, त्यांच्या वाफेवर भाविकांचं जेवण शिजतं. लातूरच्या महानंद डेअरीत आयआयटी मुंबईच्या सहकार्याने घडलेली 160 चौरस मीटरची तबकडी दुधासाठी उष्णता देत होती. दोन्ही कामांचा मला अभिमान वाटतो. पण तबकडीला सूर्याकडून सरळ येणारे किरणच एकवटता येतात. आमच्याकडे खाडीची दमट हवा आणि धुरकं किरण विखरून टाकतात. ते विखुरलेलं ऊन सपाट पॅनेल घेतं, तबकडी सोडून देते. शिवाय खाऱ्या हवेत आरसे टिकवणं हा रोजचा जाच. वसईत 60 अंशांच्या पाण्यासाठी तबकडी नको, हे माझं ठाम मत आहे. रंग भाजायच्या ओव्हनला 180 ते 200 अंश लागतात; तिथे मी सपाट पॅनेलही सुचवत नाही. आणि पावसाळ्याचे चार महिने हीटर राहणारच.

वालीवला जाऊन मी आधी टाकीत थर्मामीटर घातला. 75 अंश! रसायनाच्या कागदावर 55 लिहिलेलं. जास्त गरम म्हणजे जास्त स्वच्छ, असं म्हणून कोणीतरी कधीतरी बटण फिरवलेलं. वर टाकी उघडी, वाफ छताला भिडत होती. मिठागरात पाणी पसरून उघडं ठेवतात ते उडून जावं म्हणून. इथे विकतची उष्णता तशीच उडत होती. आम्ही बटण 55 वर आणलं, पाण्यावर पोकळ प्लास्टिकचे गोळे तरंगत सोडले, उघड्या पाइपांना उष्णतारोधक लोकर गुंडाळली, पॅनेलच्या काचा आठवड्याला पहाटे धुवायच्या ठरवल्या. एकही पॅनेल वाढवलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात हीटर दुपारभर बंद राहू लागला.

मालक खूश आहेत. माझं मन मात्र स्वस्थ नाही, कारण खरेदीआधी ते कोटेशन तपासायला माझ्याकडेच आलं होतं. मी काच पाहिली, लेप पाहिला, आयएस 12933 या मानकाचा शिक्का पाहिला. टाकी किती अंशांवर चालते, हे विचारलं नाही.

म्हणून सातिवली, गोखिवरे, बोईसरच्या गाळेवाल्यांना विनंती: कोटेशन मागवण्याआधी आठवडाभर टाकीचं तापमान तासातासाला वहीत लिहा. मग विक्रेत्याला विचारा, या तापमानाला तुमचं पॅनेल किती टक्के देतं? उत्तर लेखी घ्या.